राजपुत्राचं जाकीट

ईस्टरचा रविवार आणि आन्सेल्म कोर्बिनोचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा दिवस, त्या वर्षी एकाच दिवशी आले. म्हणजे घरात आनंद दुप्पट असायला हवा होता. पण माथुरीन मेंढीच्या तंगडीच्या एकाच बाजूवर पुन्हा पुन्हा लोणी सोडत होती. बुधवारपासून तिच्या पोटात एक गोष्ट होती. ती अजून सासऱ्यांना सांगितलेली नव्हती.

बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा, आन्सेल्मचा, आवाज येत होता.

"पाठ! पाठ कुठे ठेवलीस, चर्चमध्ये विसरलास? पुन्हा!"

पाठोपाठ त्यांच्या छोट्या व्हायोलिनची किरकिर आणि तिच्या मुलाच्या, फाबियाँच्या, उड्यांचा धप्प-धप्प आवाज. खालच्या मजल्यावरची विधवा एरवी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. आज सणाचा दिवस म्हणून तिने सोडून दिलं असावं. नाही तर आन्सेल्मने जिन्यात तिलाही गाठून सांगितलं असेल. त्याने कुणाला सांगायचं बाकी ठेवलं होतं? रखवालदारीणबाईला सांगितलं, पाववाल्याला सांगितलं, केस कापणाऱ्याला दोनदा सांगितलं. जागतिक प्रदर्शनासाठी पॅरिसमध्ये जग लोटणार, रशियन येणार, इटालियन येणार. त्यांच्यासमोर आर्काद थिएटरला नव्या बॅलेत बाईला तुमान घालून राजपुत्र म्हणून उभं करता येणार नाही. या खेपेला खरा पुरुष लागेल. आणि खरा पुरुष म्हटलं की कोर्बिनो.

चाळीस वर्षांपूर्वी ते खरंही होतं. आन्सेल्म रंगमंचावर आला की बायका पंखे हलवायच्या थांबत. मग वारं फिरलं. पुढच्या खुर्च्यांत दुर्बिणी लावून बसणाऱ्या गृहस्थांना पुरुषाच्या पोटऱ्या बघणं नकोसं झालं. मालकांनी राजपुत्र, खलाशी, मेंढपाळ, सगळे बायकांना देऊन टाकले. आन्सेल्मचा मुलगा तेओदोर, म्हणजे माथुरीनचा नवरा, जन्मभर नाचणारणींना कमरेला धरून उचलत राहिला. त्यांच्या घोळदार झग्यांमागे तो कुणाला दिसला नाही आणि छातीच्या दुखण्याने गेला तेव्हाही थिएटरात फारशा कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हाताऱ्याने मग नातवाला हाताशी धरलं. फाबियाँ पाच वर्षांचा असल्यापासून त्या बाहेरच्या खोलीत जेवणापुरत्या मध्ये ओढायच्या टेबल-खुर्च्या सोडल्या तर सामान म्हणून ठेवलेलं नाही. भिंतीला एक आडवा दांडा, आणि फरशी निसरडी होऊ नये म्हणून पाणी शिंपडायची झारी, बस्स.

नातीला कुणी शिकवलं नाही. सिदोनी उंच, रुंद खांद्याची. "हिला परी कोण म्हणेल? ही तर घोडदळातली," असं आजोबा म्हणायचे. घरात चार पैसे यावेत म्हणून तिला आर्कादच्या नाचणाऱ्या घोळक्यात मागच्या रांगेत उभं केलं. बाकी जे काही ती शिकली, ते स्वयंपाकघराच्या दारात बसून घेवडा सोलता सोलता, भावाकडे बघून.

आणि बुधवारी तीच सिदोनी थिएटरच्या शिवणखोलीत, आईच्या कामाच्या जागी, तिच्यासमोर हात फैलावून उभी राहिली होती, आणि माथुरीनने तिच्या अंगावर राजपुत्राच्या जाकिटाचं माप घेतलं होतं.

दार वाजलं. ओदील आली. म्हाताऱ्याची मुलगी, मुलांची आत्या. मादाम सेरीझच्या कपड्यांच्या पेढीत ती श्रीमंत बायकांना झगे दाखवते, म्हणून पेढी तिला स्वतःच्या कपड्यांत मढवून ठेवते. आजचा झगा गर्द जांभळा, मागे कमरेखाली उशी बांधल्यासारखा फुगारा. जिन्यात तो कठड्याला घासू नये म्हणून ती तिरकी तिरकी चढत असे. हातात मलईच्या गोळ्यांचा केक.

केक टेबलावर ठेवून ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि दार लोटून घेतलं.

"सांगितलंस?"

"नाही."

"सिदोनीने?"

"चर्चमधून यायची आहे अजून."

"म्हणजे म्हातारा आत्ता तिथे त्या पोराला राजपुत्राचाच नाच बसवतोय?" ओदीलने हातमोजे ओढून काढले. "शाबास. माथुरीन, मी सांगते. मला काय, मी वाईट आहेच."

"जेवण होऊ दे. नामदिन आहे त्यांचा."

"जेवण झाल्यावर ते कमी कडू लागणार आहे का?" तिने भांड्यातला एक घेवडा उचलून तोंडात टाकला. "मीठ कमी आहे. ऐक. मादामने तुझ्या जाकिटाचा नमुना पाहिला. कमरेत जी चूण घेतलीस ना, तिच्यावर जीव जडलाय तिचा. मखमल, झालर, बटणं, सगळं पेढी फुकट देतेय थिएटरला. येत्या थंडीत निम्म्या पॅरिसच्या अंगावर ते जाकीट असेल."

"फाबियाँच्या अंगावर बसलं असतं, तरी ते जाकीटच होतं."

"पोराच्या अंगावरचं जाकीट बघून कोणती बाई पर्स उघडते?" ओदील म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच माथुरीनला जास्त लागलं.

सिदोनी आली तेव्हा सगळे टेबलाला बसले होते. तिने आजोबांच्या गालाचा मुका घेतला, भावाच्या मागून वळसा घालून लांबची खुर्ची घेतली. फाबियाँ घामाने डबडबलेला, खूष, लांडग्यासारखा भुकेला. त्याने तंगडीचा सगळ्यात चांगला तुकडा बहिणीच्या ताटात ढकलला.

"खा. उद्यापासून मी राजपुत्र झालो की तुला माझ्याशी बोलायला परवानगी लागेल."

सिदोनीने काटा उचलला आणि परत ठेवला.

आन्सेल्म उठला. गुडघ्यांनी त्याला कधीच दगा दिला होता. तो टेबलाच्या काठावर भार देऊन उठायचा, पण एकदा उभा राहिला की पाठ तलवारीसारखी. त्याने ग्लास वर केला.

"माझा नामदिन दरवर्षी येतो. मला त्याचं कौतुक नाही. पण आज मी पितो ते याच्या नावाने. तेओदोर, तू वरून बघत असशील तर बघ. आर्कादचा राजपुत्र, फाबियाँ कोर्बिनो!"

ओदीलने ग्लासला नुसतं बोट लावलं. माथुरीनचा ग्लास अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला.

"काय गं?" फाबियाँ बहिणीकडे बघून हसला. "जळतेस की काय?"

"आजोबा, ग्लास खाली ठेवा," सिदोनी म्हणाली. आजोबांनी ग्लास खाली घेतला नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "ग्लास खाली ठेवा. राजपुत्र मी करतेय."

म्हातारा आधी हसला. "तू? पोरी, तू मुलगी आहेस."

"म्हणूनच तर दिलाय."

त्यानंतर कुणी हसलं नाही. फाबियाँने आजीच्या वेळचा सणाचा नॅपकिन हळूहळू घडी करायला घेतला, जणू ते काम आधी उरकायला हवं होतं. ओदीलने मग तिच्या धंद्याच्या आवाजात सगळं सांगितलं: मालक मस्यू पोंतुआने हिशेब केला, प्रदर्शनाला येणारे रशियन घरी पुरुष नाचताना बघतातच, पॅरिसमध्ये ते दुसरं काही बघायला येतात, मादाम सेरीझ कपडे देणार आहे, शुक्रवारी करार झाला.

"तू!" आन्सेल्मचा ग्लास टेबलावर आपटला, वाइन घेवड्यात सांडली. "तुझी चिंध्यांची पेढी! स्वतःच्या भाच्याचा गळा कापलास, एका झालरीसाठी! माझ्या घरात बसून माझंच अन्न..."

"अन्न माथुरीनचं आहे, बाबा. केक मी आणलाय."

"चालती हो!"

ओदील उठली नाही. तिला वाईट म्हणवून घ्यायची सवय होती. बापाने ती नाचायला नालायक ठरली तेव्हापासून तिला दुसरं काही म्हटलंच नव्हतं. पण या वेळी तिच्या गालांवर लाल डाग उमटले. तिने माथुरीनकडे पाहिलं, आणि माथुरीनला कळलं की आता ही माझ्या वाट्याचा दोष आपल्या अंगावर घेणार नाही. का घ्यावा?

"सगळी पापं माझ्या माथी मारू नका," ओदील म्हणाली. "मी कापड दिलं. नाव कुणी दिलं ते तुमच्या सुनेला विचारा."

सगळ्यांच्या माना वळल्या. सिदोनीचीसुद्धा. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

माथुरीनने हात एप्रनला पुसले, कोरडे होते तरी.

"मस्यू पोंतुआ शिवणखोलीत आले होते," ती म्हणाली. "राजपुत्र बाईच करणार, हे ठरवूनच आले होते. मार्सेयची कुणी एक बोलावणार होते. जाता जाता म्हणाले, इथल्या मुलींत कुणी उंच आहे का, खांद्यांनी भरलेली? माझ्या तोंडात टाचण्या होत्या." तिने ओठांजवळ चिमूट धरून दाखवली. "टाचण्या होत्या. गप्प राहिले असते तर त्यांना वाटलं असतं, हिला बोलता येत नाहीये. मी त्या काढल्या, हातावर घेतल्या आणि म्हणाले, माझी सिदोनी आहे."

"आणि मी?" फाबियाँने विचारलं.

"तुझं त्यांनी विचारलं नाही."

"ते मी ऐकलं. तू सांगितलंस का?"

"फाबियाँ, तुझं नाव घेतलं असतं तर ते हसले असते."

"मग हसू द्यायचं होतंस."

त्याने हे अगदी साधेपणाने म्हटलं. बापानंतर या पोराने तिला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. थंडीत गोठलेल्या खोलीत पहाटे दांडा धरून उभा राहायचा, पाय सुजले तर तीच मिठाच्या पाण्यात शेकायची. ते पाय हातात घेऊन तिने कितीदा मनात म्हटलं होतं, एवढं करूनही तुला कुणी विचारणार नाही रे. मोठ्याने कधी म्हटलं नाही. म्हणण्याचं धैर्य म्हाताऱ्यासमोर तिच्यात नव्हतं.

सिदोनी खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"मी सोडते. आई, मला वाटलं होतं त्यांनी मला रंगमंचावर बघून निवडलं. जाऊ दे. तू एक शब्द बोल, मी उद्या जाऊन नाही सांगते."

आता निवाडा माथुरीनच्या पदरात पडला. मुलगा बघत होता, मुलगी बघत होती. म्हातारा जबडा घट्ट मिटून. माथुरीनला दिसत होतं की पोरीने नाही म्हटलं तर मार्सेयची येईल, तेच जाकीट थोडं उसवून तिच्या अंगावर चढेल, आणि फाबियाँ होता तिथेच राहील, नाचणारणींच्या मागे. नाही म्हणण्याने कुणाचंच भलं होणार नव्हतं, फक्त घरात सगळे सारखे उपाशी राहिले असते. शिवाय आणखी एक होतं. माप घेताना तिने पोरीच्या छातीवर फीत धरली होती, आणि फितीखाली तिचं काळीज पाखरासारखं धडधडत होतं.

"सोडू नकोस," ती म्हणाली.

फाबियाँने मान हलवली, जणू एखाद्या ओळखीच्याने रस्त्यात नमस्कार केला.

मग आन्सेल्म म्हणाला, "टेबल भिंतीला लावा."

"बाबा, जेवणं..." ओदील म्हणाली.

"टेबल भिंतीला लावा म्हणतो! राजपुत्र होणार आहे ना? मला दाखवू दे. कोर्बिनोच्या घरात कुणीही उठून राजपुत्र होत नाही."

तो तिला सगळ्यांदेखत पाडणार, हे माथुरीनला स्पष्ट दिसलं, आणि फाबियाँलाही दिसलं असावं, कारण टेबल उचलायला तोच आधी पुढे झाला. सिदोनीने रविवारचा झगा गुडघ्यांपर्यंत उचलून कमरेत खोवला, बूट काढले. म्हाताऱ्याने व्हायोलिन दंडाशी धरलं आणि तोच नाच सुरू केला, राजपुत्राचा, सकाळपासून फाबियाँकडून घोटून घेतलेला. आणि वेग मुद्दाम वाढवला.

सिदोनी नाचली. पहिल्या वळणाला तिचा तोल गेला, एक उडी आखूड पडली. फाबियाँ कधी असा चुकला नसता. पण फाबियाँ नाचायचा तेव्हा पावलं दिसायची, एकेक, घासून पुसून चकचकीत केलेली. ही नाचायला लागली आणि त्या मोकळ्या खोलीत, मटणाच्या वासात, कुणीतरी आलं: तरुण, उर्मट, प्रेमात पडलेला, जग आपल्या बापाचं आहे असं समजणारा. माथुरीनने आपल्या आयुष्यात असा माणूस एकदाच पाहिला होता, वरच्या स्वस्त बाकावर बसून, लग्नाआधी. तो आन्सेल्म होता.

तिला आनंद झाला. त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली, की तिने मुलाकडे बघणं टाळलं.

व्हायोलिन मध्येच थांबलं.

"हात," म्हातारा म्हणाला. आवाज वेगळाच होता. "हात खाली. राजपुत्र मागत नाही, राजपुत्र देतो. असा." त्याने व्हायोलिन ओदीलच्या मांडीवर टाकलं आणि भिंतीला धरत पुढे आला. "हनुवटी. नाही, एवढी नाही, तू काय शिंपीण आहेस गिऱ्हाइकाकडे बघायला? ती तिथे उभी आहे, तुझी राणी. तिच्याकडे चालत जा. टाच आधी टेकव. पुरुषाची टाच आधी टेकते. हां! पुन्हा."

त्याचे गाल पेटले होते. गुडघे दुखतात हे तो विसरला होता. सिदोनी चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. म्हाताऱ्याने एकदा तिच्या खांद्यांवर हात ठेवले, त्यांची रुंदी अजमावली, आणि स्वतःशीच म्हणाला, "हे इथे होतं. एवढी वर्षं हे इथेच होतं, दारात."

"आजोबा," फाबियाँ म्हणाला.

"थांब. गुडघा टेकायचं राहिलंय. तिला समोर कुणी हवं." म्हाताऱ्याने मागे न बघता हात हलवला. "फाबियाँ, इकडे ये. राणीच्या जागी उभा राहा."

ओदीलने श्वास आत ओढला. "बाबा, नको."

पण फाबियाँ गेला. जिथे सांगितलं तिथे उभा राहिला, टाचा जुळवून, आणि डावा हात पुढे केला, मनगट वाकवून, अगदी जसा नाचणारीण करते तसा. बहीण त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. तिने त्याचा हात धरला, पण ओठ लावेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मुका घे!" म्हातारा ओरडला. "रडतेस काय? मिळालीय तुला ती!"

तिने ओठ टेकवले. फाबियाँने हात काढून घेतला, खुंटीवरचा कोट उचलला आणि निघून गेला.

माथुरीनने त्याला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाठलं. खालून कुणाच्या तरी घरातून सणाचं हसणं-खिदळणं ऐकू येत होतं.

"कुठे निघालास? जेवला नाहीस."

"लियोंला एक सर्कस आहे. त्यांच्या माणसाने मागेच विचारलं होतं. तिथे पुरुषाने उडी मारली तर लोक टाळ्या वाजवतात."

"सर्कस? कोर्बिनो आणि सर्कशीत?"

"नाव बदलेन. हे नाव आता तिच्या कामाला लागलंय."

तिने त्याची बाही धरली. "तिच्यावर राग धरू नकोस."

"तिच्यावर नाही. ती चांगली आहे. मी बघितलं की." त्याने कोटाची कॉलर वर केली. "आई, एवढी वर्षं तू त्या शिवणखोलीत आहेस. मालक येतात, जातात. एकदा तरी, एकदा, तोंडातल्या टाचण्या काढून माझं नाव घेतलंस?"

माथुरीनने कधी घेतलं नव्हतं. ती पोराच्या पायांना शेक देत राहिली होती, आणि तेवढ्यालाच माया समजत होती. तो उत्तराची वाट बघत क्षणभर थांबला. एखादं खोटंसुद्धा त्याने घेतलं असतं. मग त्याने तिची बोटं बाहीवरून सोडवली, हलकेच, आणि खाली उतरला. रस्त्याचं दार लागल्याचा आवाज आला.

ती वर आली तेव्हा ओदील खिडकीशी पाठ करून उभी होती. केक तसाच. मटणावर चरबी थिजली होती. सिदोनी खोलीच्या मधोमध उभी, आणि म्हातारा तिच्याभोवती फिरत होता.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. क्षणभर तो बसायला खुर्ची शोधू लागल्यासारखा वाटला. मग त्याने व्हायोलिन ओदीलच्या खुर्चीवरून उचललं.

"बरं. मग तू ये. राणीच्या जागी."

माथुरीनने एप्रन सोडला, गेली, उभी राहिली. हात पुढे केला. शिवून शिवून खरबरीत झालेली बोटं तिला मुडपून घ्यावीशी वाटली, पण म्हातारा बघत होता. सिदोनी टाच आधी टेकवत चालत आली, गुडघ्यावर बसली, हात धरला आणि खाली मान घालून पुटपुटली, "आई, तो परत येईल ना?"

"गप्प!" व्हायोलिन सुरू करत आन्सेल्म म्हणाला. "बॅलेत कुणी बोलत नसतं."